छाया पगारेबद्दल मी चौकशीत जे बोलले

बातमी आली ती कॉलेजच्या स्टाफ ग्रुपवर. तिसरा तास संपवून मी स्टाफरूममध्ये आले, पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि सवयीने फोन बघितला. ‘आपल्या महाविद्यालयाच्या ज्येष्ठ कर्मचारी श्रीमती छाया पगारे यांचे आज सकाळी दुःखद निधन...’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मीही ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असं टाइप केलं आणि पाठवून दिलं. मग वर सरकवत गेले तर दिसलं, माझ्या आधीच्या जवळजवळ सगळ्यांनी हेच दोन शब्द पाठवले होते. त्या सगळ्यांपेक्षा माझ्याजवळ छायाबद्दल सांगण्यासारखं कितीतरी जास्त होतं, आणि नेमकं तेच मी पाठवलं नव्हतं. बाटलीचं झाकण लावायचं राहून गेलं. चौथ्या तासाची घंटा झाली तशी मी खडू घेऊन उठले आणि वर्गात जाऊन शिकवलंसुद्धा.

त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. छाया आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबची सहायक होती. कागदावर सहायक, प्रत्यक्षात लॅब म्हणजे तीच. वडील रेल्वेत खलाशी, बालपण देवळालीच्या चाळीत, मग नाशिकरोडच्या बुद्धविहारामागच्या कॉलनीत स्वतःचं दोन खोल्यांचं घर, नवरा सातपूरच्या कंपनीत फिटर, एक मुलगी. बी.एस्सी. झाल्यावर तिने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता आणि त्यानंतरचं सगळं पुस्तकं आणून, मशीन खोलून, चुका करून शिकली होती. मी अर्थशास्त्र शिकवते. वयाने तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती मला ‘निकम मॅडम, तुम्ही’ म्हणायची आणि मी तिला ‘छाया, तू’. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, असा प्रश्न मला ती असेपर्यंत एकदाही पडला नाही.

आमची मैत्री झाली ती माझ्या भीतीमुळे. कॉलेजात सगळं ऑनलाइन व्हायला लागलं, हजेरी, गुण, रजेचे अर्ज, तेव्हा माझी अवस्था वाईट होती. माउस धरला की बाण पडद्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यात जाऊन लपायचा. मुलांसमोर हे कसं दाखवायचं? छायाच्या ते लक्षात आलं असावं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, डबा घेऊन लॅबमध्ये या ना. सुट्टीत तिथे कुणी नसतं.” लॅबमध्ये खायला बंदी होती, आणि ती बंदी तिनेच घातलेली. म्हणून आम्ही आधी शेजारच्या तिच्या छोट्या खोलीत पाट्यांसारख्या रचलेल्या जुन्या कीबोर्डांच्या ढिगाशेजारी बसून जेवायचो, हात धुवायचो आणि मग उरलेली वीस मिनिटं ती मला शिकवायची. मी घाबरून हात मागे घेतला की म्हणायची, “चावत नाही तो. चावलाच तर इंजेक्शन मी देते.” तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि माझ्या डब्यातलं सटाण्याच्या पद्धतीचं तिखट कालवण, खळगुट... दोन वर्षं आम्ही रोज एकत्र जेवलो. मला जे काही येतं ते तिने शिकवलंय. हा लेखसुद्धा मी ज्या मशीनवर टाइप करते आहे, त्यावर मराठी कसं टाइप करायचं हेही तिनेच शिकवलेलं.

तिच्या लॅबचे नियम नाशिकमधल्या दुसऱ्या कुठल्या कॉलेजात असतील असं मला वाटत नाही. संस्थेकडून संगणक आणि नेटवर्क वापराचे नियम म्हणून इंग्रजीत तीन पानं आली होती. मुलांनी प्रवेशाच्या वेळी खाली सही करायची, आम्ही शिक्षकांनीही करायची, आणि कुणीच वाचायचं नाही. छायाने ती वाचली. मग मोठ्या पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहून दारावर लावली. ‘पासवर्ड म्हणजे आपली सही. कोऱ्या कागदावर सही करून तो कुणाच्या हातात देतो का आपण?’ ‘दुसऱ्याची उघडी राहिलेली मेल दिसली तर बंद करावी. वाचू नये.’ ‘कुणाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नये. मैत्रीण असली तरी विचारावं. मैत्रीण असली तर नक्कीच विचारावं.’ ‘इथलं इंटरनेट एका नळासारखं आहे. तुम्ही सिनेमा उतरवायला लावलात की बाकीच्या चाळीस जणांच्या बादल्या रिकाम्या राहतात.’ मुलं हसायची. हसता हसता पाठ व्हायचे ते नियम. पेठ-सुरगाण्याकडून आलेली, कॉम्प्युटर पहिल्यांदाच बघणारी पोरं दारात उभी राहून मोठ्याने वाचायची.

आणि ती स्वतः तसंच वागायची. एकदा सटाण्याकडचे एक गृहस्थ आले, आमच्या प्रथम वर्षातल्या एका मुलीचे वडील. धोतर-टोपी, पायांत धुळीने पांढऱ्या झालेल्या वहाणा. संस्थेतल्या कुणाचातरी फोन आधीच येऊन गेला होता, त्यांना मदत करा म्हणून. छायाला त्यांची अहिराणी नीट समजत नव्हती म्हणून तिने मला बोलावलं. ते म्हणाले, “मनी पोर आठे काय करस ते माले दखाडा.” मुलगी कॉम्प्युटरवर काय करते, कुणाला काय लिहिते, ते त्यांना बघायचं होतं. छायाला ते दाखवता आलं असतं. तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, स्वतः चहा सांगितला आणि म्हणाली, “दादा, मुलगी किती वाजता येते, किती वाजता जाते, एवढं सांगते. अभ्यास करते. बाकीचं मुलीला विचारा, मशीनला विचारू नका. मशीन सांगेल, पण मुलगी पुन्हा तुम्हाला काही सांगणार नाही.” मी ते त्यांना आमच्या बोलीत सांगितलं. त्यांनी चहा संपवला. मग उठून गेले. संस्थेतून नंतर छायाला चांगलंच सुनावण्यात आलं. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, “केवढं धाडस तुझं!” ती म्हणाली, “धाडस कसलं मॅडम? किल्ली सांभाळायला दिली म्हणजे कपाट उघडून बघायला दिलं असं होत नाही.”

आता मला त्या गोष्टीकडे यायला हवं. बाकीचं सगळं मी आनंदाने कितीही पानं लिहीन, पण ते लिहिणं म्हणजे पुन्हा तेच करणं होईल.

सात वर्षांपूर्वी माझ्या भाचीचं लग्न सटाण्याला होतं. अंतर्गत परीक्षेचे गुण ऑनलाइन भरायचे होते आणि मी ते नेहमीप्रमाणे शेवटच्या दिवसावर टाकले होते. मांडवात असताना विभागातून फोन आला, आज पाचच्या आत भरा, नाहीतर मुलांचा निकाल अडकेल. गुणांची यादी माझ्या कॉलेजातल्या कपाटात. मी आमच्या तृतीय वर्षातल्या श्वेताला फोन केला. हुशार, नीटनेटकी, वर्गाची प्रतिनिधी. आधी दोन-तीनदा माझ्या शेजारी बसून तिने मला गुण भरायला मदत केलेली. म्हटलं, “अगं, कपाटातली यादी घे, विभागातल्या कॉम्प्युटरवर बस आणि भरून टाक. पासवर्ड लिहून घे.” बँड वाजत होता, तिला ऐकू जाईना, तेव्हा मी तो पासवर्ड दोनदा ओरडून सांगितला. शेजारच्या खुर्चीवरची माझी चुलत सासू हसून म्हणाली, “काय गं, कुणाला सांगते एवढं?” श्वेताने पावणेपाचला मेसेज केला, ‘डन मॅम’. मी निश्चिंत मनाने अक्षता टाकल्या. परत आल्यावर पासवर्ड बदलायला हवा होता. बदलला नाही. खरं सांगायचं तर कसा बदलायचा ते मी विसरले होते, आणि छायाला विचारलं असतं तर तिने विचारलं असतं, का?

पंधरा दिवसांनी एका मुलाने तक्रार केली. ज्यांनी प्रकल्पच दिला नाही त्यांना माझ्यापेक्षा जास्त गुण कसे? यादी आणि ऑनलाइन नोंद ताडून पाहिली तर पाच मुलांचे गुण वाढवलेले निघाले. नोंदीत दिसत होतं ते एवढंच : माझं नाव, आमच्या विभागातला कॉम्प्युटर, बुधवारी दुपारी साडेबारा. त्या वेळी मी समोरच्या इमारतीत साठ मुलांना मागणीचा नियम शिकवत होते. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी माझ्या नावाने बसून ते केलं होतं. कोण ते मला त्याच क्षणी कळलं. त्या पाचांतल्या तिघी श्वेताच्या मैत्रिणी होत्या.

चौकशी समिती नेमली गेली. समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी छाया माझ्याकडे आली. स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. बसली नाही, उभ्यानेच विचारलं, “मॅडम, कुणाला पासवर्ड दिला होता का?”

मी म्हटलं, “नाही गं.”

“दिला असेल तर सांगून टाका. जास्तीत जास्त लेखी ताकीद देतील. सगळ्यांच्या हातून होतं असं. मी पण सांगेन त्यांना, की शिक्षकांना आपण नीट शिकवलं नाही म्हणून.”

“नाही म्हटलं ना!”

ती “बरं” म्हणाली आणि गेली. त्या वर्षी विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती. माझं आणि आणखी एकाचं नाव होतं. मला लेखी ताकीद मिळाली की उरलं त्याचं नाव. मी रात्रभर स्वतःला समजावलं, मी गप्प बसले तर कुणाचं काही बिघडत नाही. गुण तर दुरुस्त झालेच आहेत.

समितीत तिघं होते. प्राचार्यांच्या केबिनमधलं ते लांब टेबल, त्यावर हिरवं कापड. मला विचारलं, पासवर्ड कुणाला दिला होता? मी म्हटलं, मी पासवर्ड कुणालाच दिलेला नाही. एवढ्यावर थांबले असते तरी... पण समोरच्या सरांनी विचारलं, “मग तुमच्या नावाने कुणी कसं शिरेल?” आणि मी म्हणाले, “लॅबमधून कुणाचाही पासवर्ड बदलता येतो म्हणे.”

‘म्हणे.’ मी आरोप केला नाही. मी फक्त म्हणे म्हणाले. पुढचं सगळं त्या एका शब्दाने केलं. तिघांनी एकदमच टेबलाच्या टोकाला बसलेल्या छायाकडे पाहिलं. तिच्यापुढे नोंदींचे छापील कागद होते, त्यावर तिने शिसपेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या. ती शांतपणे म्हणाली, “सर, मी पासवर्ड बदलला असता तर मॅडमचा जुना चालला नसता. तो आजही चालतोय. ज्याने हे केलं, त्याला तो आधीच माहीत होता.” हे इतकं सरळ होतं की शाळेतल्या मुलालाही समजलं असतं. अध्यक्ष म्हणाले, “टेक्निकल नको हो पगारे मॅडम. तुम्ही बुधवारी दुपारी त्या विभागात होतात की नव्हतात, तेवढं सांगा.” ती होती. प्रिंटर बिघडला म्हणून गेली होती. तिला बोलावलं होतं मी. वर्गावर जाता जाता फोन करून, “छाया, प्लीज, तेवढा प्रिंटर बघ ना” म्हणून. ती म्हणाली, “होते. प्रिंटरसाठी.” आणि माझ्याकडे पाहिलं. मी, हो, मीच बोलावलं होतं, इतकं तरी म्हणायला हवं होतं. मी टेबलावरच्या हिरव्या कापडाची शिवण बघत होते.

“तुम्हाला कुणावर संशय आहे का?” त्यांनी तिला विचारलं.

“पुरावा नसताना मी नाव घेणार नाही,” ती म्हणाली.

समितीने माझ्यावर विश्वास ठेवला. पुरावा तिच्याकडे होता, माझ्याकडे ‘म्हणे’ होतं. तरी विश्वास माझ्यावर ठेवला, कारण मी निकम मॅडम होते आणि ती लॅबमधली पगारे. मला हे तेव्हाही कळत होतं. त्याचा फायदा मी घेतला. हे वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली.

सिद्ध काहीच झालं नाही, त्यामुळे शिक्षाही कुणाला झाली नाही. अहवालात मात्र ‘लॅब सहायकाची भूमिका संशयास्पद’ असा शेरा आला आणि तो छायाच्या फाइलला लागला. फक्त महिन्याभरात ‘प्रशासकीय सोयीसाठी’ छायाची बदली ऑफिसात झाली, आवक-जावकच्या टेबलावर. आलेल्या पत्रांवर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, वहीत नोंद करायची. अकरा वर्षं जिने लॅब उभी केली, तिला लॅबची किल्ली परत करायला सांगण्यात आलं. लॅब एका बाहेरच्या एजन्सीकडे गेली. त्यांनी दारावरचा पुठ्ठा काढला आणि तीन पानी इंग्रजी नियम चिकटवले. मी पुढच्या वर्षी विभागप्रमुख झाले. पेढे वाटले. आवक-जावकच्या टेबलावरही गेले. तिने पेढा घेतला, “अभिनंदन मॅडम” म्हणाली, आणि तो कागदात बांधून पर्समध्ये ठेवला. मुलीसाठी असेल. मला दिसेल असा तिने तो खाल्ला नाही, एवढं मात्र खरं.

लोकांना वाटतं, अशा वेळी ज्याच्यावर अन्याय होतो तो बोलणं टाकतो. तसं झालं नाही. बदलीनंतरच्या सोमवारी सुट्टीत ती डबा घेऊन स्टाफरूमच्या दारात आली होती. तिला आता स्वतःची खोली नव्हती. मी म्हणाले, “आज पेपर तपासायचेत गं.” दुसऱ्या दिवशी मीटिंग होती. तिसऱ्या दिवशी ती आली नाही. मैत्री मी तोडली. मला तिच्यासमोर जेवता येईना.

अजून एक आहे. छायाची बदली झाल्यावर श्वेता माझ्याकडे आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत रडत होती. “मॅडम, ते मी केलं होतं. त्या मागे लागल्या होत्या... पगारे मॅडमना लॅबमधून काढलं ना? मी प्राचार्यांना सांगू का?” एकवीस वर्षांची पोर. जे मला जमलं नाही ते करायला तयार होती. मी उठून दार लावलं आणि म्हणाले, “आता विषय संपलाय. तुझं पुढचं सगळं आयुष्य पडलंय. बोलू नकोस कुठे.” तिला वाटलं, मी तिला वाचवते आहे. डोळे पुसून, माझ्या पाया पडून गेली. पहिल्या वेळी मी घाबरून खोटं बोलले होते असं एखाद्या वेळी म्हणता येईल. ह्या वेळी मी अजिबात घाबरलेली नव्हते.

छाया आजारी पडल्याचं मला उशिरा कळलं. पोटाचा कॅन्सर, तोही बराच पुढे गेलेला. दोन महिन्यांपूर्वी मी दवाखान्यात गेले. घरून निघतानाच ठरवलं होतं, आज सांगायचं. तिचे केस गेले होते, डोक्याला निळा रुमाल होता, पण डोळे तेच. मला बघून म्हणाली, “या मॅडम. इथल्या काउंटरवर बघितलंत का? पासवर्ड कागदावर लिहून पडद्यालाच चिकटवलाय. मी सिस्टरला म्हटलं, अहो, निदान पालथा तरी चिकटवा.” आम्ही दोघीही हसलो. हसताना तिला दुखत होतं. तिचा नवरा औषधं आणायला खाली गेला. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं, “छाया, ते त्या चौकशीचं...”

तिने हात वर केला. सलाईनची नळी हलली.

“आज नको मॅडम. आज माझ्यात दम नाही. पुढच्या वेळी या, नीट ऐकते.”

ती रागावून म्हणाली नाही. माफ केल्यासारखंही म्हणाली नाही. जे ऐकायचं ते नीट ऐकायचं, अर्धवट नाही, अशी तिची कामाची पद्धतच होती. आणि मला काय वाटलं ते सांगते : सुटल्यासारखं वाटलं. जिना उतरताना मी रिक्षावाल्याला फोन लावत होते. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाची समिती यायची होती, त्याच्या पुढच्या आठवड्यात पाहुणे आले. पुढची वेळ मी आणलीच नाही. मग ग्रुपवर बातमी आली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, तिच्या शोकसभेला, कॉलनीतल्या विहारात बरीच गर्दी होती. जुने विद्यार्थी आले होते, काही पुण्याहून, काही थेट बंगळुरूहून. एक जण म्हणाला, पगारे मॅडमने मला पहिल्यांदा मशीन खोलू दिलं, म्हणून मी आज इथे आहे. छायाची मुलगी प्राची माझ्याजवळ आली. “मॅडम, तुम्ही आईच्या जवळच्या. दोन शब्द बोला ना.” मी उठले. तिच्या नियमांबद्दल बोलले, डब्याबद्दल बोलले, इंजेक्शनचा विनोद सांगितला. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. खाली बसताना मला स्वतःची किळस आली. इतक्या लोकांपुढे मी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं होतं, तो प्रामाणिकपणा ज्यांनी कागदावर संशयास्पद ठरवला त्यांची मी मुख्य साक्षीदार.

चार दिवसांनी मी प्राचीला फोन करून कॉलेजजवळच्या बागेत बोलावलं आणि सगळं सांगितलं. सटाण्याचा मांडव, श्वेता, ‘म्हणे’, प्रिंटर, सगळं. ती नीट ऐकत होती. तिच्या आईसारखीच. माझं संपल्यावर म्हणाली, “आईने घरी कधी तुमचं नाव घेतलं नाही. बाबा चिडायचे, केस करू म्हणायचे. ती म्हणायची, ज्याला खरं माहीत आहे ते माणूस येईल आणि सांगेल.”

मी रडायला लागले. प्राचीने मला थोपटलं वगैरे नाही.

“मॅडम, तुम्ही हे मला का सांगताय? मला सांगून तुम्हाला हलकं वाटेल. तिच्या फाइलमध्ये आहे तेच राहील. हे कॉलेजला लिहून द्या.”

मी दीड पानाचं पत्र लिहिलं. श्वेताचं नाव लिहिलं नाही. पासवर्ड मी दिला, त्याची जबाबदारी माझी, चौकशीत मी खोटं बोलले, पगारे यांना विभागात मीच बोलावलं होतं, त्यांच्या सेवापुस्तकात तशी नोंद व्हावी. प्राचार्यांना आधी दाखवलं. आताचे प्राचार्य तेव्हा नव्हते. त्यांनी वाचून चष्मा काढला. “मॅडम, बाई गेल्या. तुमच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. आता कशाला?” मी म्हटलं, “सर, त्यांच्या घरच्यांनी मागितलंय.” ते म्हणाले, “मग रीतसर आवकला द्या.”

आवक-जावकच्या टेबलावर आता एक नवी मुलगी बसते, छायानेच शिकवून तयार केलेली. तिने पत्र उलटसुलट पाहिलं, वाचलं की नाही कुणास ठाऊक, शिक्का मारला, नंबर टाकला, वहीत नोंद केली. वहीची आधीची पानं छायाच्या अक्षरात होती. मी निघाले तर ती म्हणाली, “थांबा मॅडम, पोच घेतल्याशिवाय जायचं नाही. पगारे मॅडमनी सांगून ठेवलंय, शिपाई असो की चेअरमन, पोच द्यायचीच.” आणि माझ्या प्रतीवर तिने तोच शिक्का मारून दिला. आता माझ्यावर काय कारवाई होईल ती होईल. पत्र गेल्यापासून स्टाफरूममध्ये मी आले की बोलणं थांबतं. छायाला असं किती दिवस वाटलं असेल, याचा हिशोब मी करत नाही. तिला सात वर्षं मिळाली, मला अजून सात दिवस नाही झाले.

ती पोच घेऊन मी रविवारी त्यांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. प्राचीने कागद दारातच उभं राहून वाचला, मग बाजूला झाली. “या आत.” बाहेरच्या खोलीत खिडकीशी जुना कॉम्प्युटर होता, प्राचीने काहीतरी काम करायला तो सुरू केलेला. पडद्यावर तीन नावं दिसत होती : बाबा, प्राची, छाया. प्राचीचे वडील म्हणाले, “तिच्या नावात काय काय असेल. फोटो असतील, प्राचीच्या लहानपणीचे. दुकानवाला म्हणतो, पाच मिनिटांत खोलून देतो. ही ऐकत नाही.”

मी प्राचीकडे पाहिलं.

“नाही खोलायचं,” ती म्हणाली. “तिने दिलेला नाहीये ना पासवर्ड.”

तिने स्वतःच्या नावावर जाऊन पासवर्ड टाइप करायला हात पुढे केला. मी मान फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले.